एक बळी कमी पडलेलं वळण

बाळांनो, एका जंगलात एक वळण होतं.

आधी नीट बसा. मांडी घाला. मागच्या रांगेत कोण कुजबुजतंय ते मला दिसतंय. जंगल म्हटलं की तुम्हाला सिंह पाहिजे असतो, हे मला ठाऊक आहे. सिंह होता. पण तो राजधानीत राहायचा आणि या वळणावरून कधी जायचा नाही, म्हणून गोष्टीत त्याचं काही काम नाही. गोष्ट वळणाची आहे. ज्याला सिंह हवा असेल त्यानं घरी जावं.

तर या जंगलात डोंगराच्या कडेनं एक रस्ता काढला होता. रस्ता झाला तेव्हा सगळ्या प्राण्यांनी ढोल बडवले. रस्त्यामागून गाड्या आल्या. गवा ट्रक चालवायला लागला. लांडगे एका मोटारसायकलवर तिघंतिघं बसून हिंडायला लागले. गव्याला लायसन कुणी दिलं, असं विचारू नका. तुमच्या गावात कुणाकुणाला दिलंय, ते मी कधी विचारलंय का?

करवंदवाडी नावाची प्राण्यांची वस्ती होती. तिच्याजवळ हा रस्ता उतारावरून खाली यायचा आणि एकदम उजवीकडे मुरडायचा. वरच्या अंगाला डोंगर. खालच्या अंगाला पाण्याचा चर, आणि चराच्या पलीकडे तळं. वळणाच्या ऐन कोपऱ्यावर करवंदीची जाळी अशी माजलेली, की समोरून हत्ती आला तरी तो अंगावर आल्यावरच दिसायचा. जाळी तोडली असती तर निम्मं काम झालं असतं. पण जाळी वन खात्याची होती. आणि जंगलात वन खातं किती कडक असतं, ते काय सांगायचं.

या वळणावर तीन वर्षांत नऊ प्राणी मेले.

आता तुम्ही म्हणाल, मग काहीतरी केलं असेल ना कुणी? अरे, करणार होते. नियमच होता तसा. जंगलात रस्त्यांचं एक खातं होतं. त्या खात्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की तीन वर्षांत एका वळणावर दहा प्राणी मेले, की ते वळण धोकादायक समजावं. मग तिथं पाटी लागते, आरसा लागतो, गतिरोधक होतो, वन खात्याला न विचारता जाळीसुद्धा तोडता येते. दहाच्या आत मेले तर वळण धोकादायक नाही. ते प्राणी आपापल्या हलगर्जीपणानं मेले, असं धरायचं.

करवंदवाडीत नऊ झाले होते. सगळं एकावर अडलं होतं.

या वळणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, ठकूबाई नावाची कासवीण राहायची. तिचा नवरा धोंडाप्पा. दोघं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या साली ठकूबाईनं बांधाच्या वाळूत अकरा अंडी घातली होती. पुस्तकात लिहिलेलं असतं की कासवीण अंडी घालते आणि निघून जाते. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ठकूबाईला पाहिलेलं नव्हतं. ती त्या वाळूपाशी दिवसभर बसून असायची. तिला एकच घोर होता. अंडी फुटली की पिल्लं सरळ पाण्याकडे धावणार. पाणी होतं तळ्यात, आणि मध्ये होता रस्ता.

एके दिवशी सकाळी धोंडाप्पा तळ्यावरून घरी यायला निघाला. रस्ता ओलांडायला त्याला नेहमी पाऊण तास लागायचा. त्या दिवशी अर्धा तास झाला आणि गव्याचा ट्रक आला. ट्रकच्या कडेचा धक्का बसला, धोंडाप्पा भिंगरीसारखा फिरला आणि घरंगळत चरात जाऊन उताणा पडला.

तो मेला नव्हता, बरं का. पाठीला साधा ओरखडाही नव्हता. पण कासव उताणं पडलं की त्याला आपलं आपण सुलटं होता येत नाही. कुणीतरी एक धक्का द्यायचा, की झालं.

वस्ती गोळा झाली. ससे आले, भेकरं आली, सरपंच रानडुक्कर आला. धोंडाप्पा चरातून पाय हलवत होता आणि मला सुलटं करा म्हणत होता. एक भेकर पुढं झालंही. पण सरपंचानं त्याला मागं ओढलं. अपघाताच्या जागी पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नसतो, असं त्यानं सगळ्यांना समजावलं. उद्या खातं म्हणेल, पुरावा हलवला. सगळ्यांना ते पटलं. सगळे कडेला उभे राहिले आणि धोंडाप्पाला धीर देत राहिले. उन्हं चढली. पंचनाम्याला निरोप गेला. ठकूबाई वरून खाली यायला निघाली, पण कासवाची चाल ती, पोचायला तिसरा प्रहर झाला. तोवर धोंडाप्पाचे पाय हलायचे थांबले होते.

ठकूबाईनं काय आकांत केला ते मी सांगत नाही. माझ्याच्यानं सांगवत नाही.

पण बाळांनो, खरं तेच सांगायचं म्हटलं तर, त्या रडारडीत कुणीतरी हळूच बोटं मोजली. नऊ आणि एक, दहा. ती कुजबुज वस्तीभर फिरली आणि रडणाऱ्यांचे खांदे जरा सैल पडले. सरपंचानं भाषण केलं. धोंडाप्पा गेला, पण जाता जाता वळणाचं काम करून गेला, असं म्हणाला. ठकूबाईनंही डोळे पुसले. तिला वाटलं, निदान पोरं तरी सुखरूप पाण्यावर जातील. एवढ्या एका विचारावर ती त्या दिवशी उभी राहिली.

संध्याकाळी खात्याचा कारकून आला. तो मुंगूस होता. हातात टेप, काखेत वही. त्यानं रस्त्याची कड मोजली, चराची कड मोजली, धोंडाप्पापर्यंतचं अंतर मोजलं. मग वही मिटली.

“हे आमच्यात येत नाही,” मुंगूस म्हणाला.

“धक्का रस्त्यावर बसला हो,” ठकूबाई म्हणाली.

“बसला ना. मी कुठं नाही म्हणतोय? पण धक्क्याची नोंद आम्ही घेत नाही, मरणाची घेतो. मरण चरात झालंय. चर पाण्याच्या खात्याचा.”

ठकूबाईनं चराकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, आता त्यांना उचलून रस्त्यावर ठेवलं तर चालेल का? मुंगूस मनानं वाईट नव्हता. त्याला बिचारीची दया आली. सकाळी ठेवलं असतं तर चाललं असतं, असं तो म्हणाला. आता पंचनामा झाला होता.

ठकूबाई मग पाण्याच्या खात्यात गेली. तिथं बेडूक होता. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, मयत बुडून मेला का? चरात पाणी नव्हतं, बुडणार कशानं? मग हा आमच्याही खात्यात बसत नाही, असं सांगून बेडकानं कागद परत केला. धोंडाप्पा मेला, हे सगळ्यांना मान्य होतं. पण कुठल्याच खात्यात तो मेलेला नव्हता.

शेवटी ती रस्त्याच्या खात्यातल्या मोठ्या साहेबांकडे गेली. कार्यालय एवढं लांब, की तिला जायलाच सहा दिवस लागले. साहेब म्हणजे घुबड. घुबडसाहेब दिवसभर झोपायचे. संध्याकाळी डोळे उघडायचे, तेव्हा कार्यालय बंद झालेलं असायचं. मोठा शहाणा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, कारण त्यांनी आजवर एकही निर्णय चुकवला नव्हता. निर्णय घेतला तर चुकणार ना? ठकूबाई दोन दिवस त्यांच्या टेबलासमोर बसली आणि उठून आली. येताना मुंगसानं तिला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. येत्या अमावास्येला तीन वर्षं पुरी होत होती. त्यानंतर जुने नऊ पुसायचे आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचं.

ठकूबाईनं दिवस मोजले. अमावास्येनंतर चौथ्या दिवशी अंडी फुटणार होती.

ती परत आली आणि सरपंचाच्या कानावर हे घातलं. सरपंच हादरला. त्यानं लगेच सभा बोलावली. अमावास्येला एकवीस दिवस उरलेत, तो म्हणाला. तोवर दहावा झाला नाही तर नऊ जणांचं मरण फुकट जाईल. त्या नऊ जणांना आपण काय तोंड दाखवणार?

सशांनी साळिंदराकडे पाहिलं. साळिंदरानं भेकराकडे पाहिलं. भेकरानं आभाळाकडे पाहिलं. जो तो आपल्यापेक्षा म्हातारा कुणी दिसतो का ते शोधायला लागला.

तेव्हा कोपऱ्यातून गुणाजी तरस उठला. गुणाजी वस्तीतला सगळ्यांत म्हातारा. दात पडलेले, पाय वाकलेले, मागं कुणी रडणारं नाही. तो म्हणाला, मी जातो. फक्त जाईपर्यंत दोन वेळचं गरम जेवण द्या, आणि माझा एकदा सत्कार करा. जन्मात माझा कुणी सत्कार केलेला नाही.

वस्तीला भरून आलं. शाल आणली, नारळ आणला, फेटा बांधला. माकडांनी ताशा वाजवला. वळणावर मोठा फलक लागला. त्यावर गुणाजीचं हात जोडलेलं चित्र, खाली लिहिलेलं, ‘करवंदवाडीचे भूषण, नियोजित दहावे, मा. गुणाजी तरस.’ आणि सगळ्यात खाली सरपंचाचं चित्र, गुणाजीपेक्षा जरा मोठं.

दुसऱ्या दिवसापासून गुणाजी वळणावर उभा राहायला लागला. भर रस्त्यात, शाल पांघरून, फेटा बांधून. सकाळी न्याहारी झाली की उभा राहायचा, दुपारी जेवायला जायचा, थोडा पडायचा, आणि उन्हं उतरली की परत यायचा. त्याला बघायला वस्ती दोन्ही बाजूंना गर्दी करायची. मरण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून लोक डबे घेऊन यायचे. साळिंदरानं भज्यांची गाडी लावली.

पहिल्याच दिवशी गवा ट्रक घेऊन आला. पुढं गर्दी दिसली म्हणून त्यानं वेग कमी केला आणि काय चाललंय ते विचारलं. हा म्हातारा मरणार आहे, लोकांनी सांगितलं. कधी, गव्यानं विचारलं. कुणी उडवला की. कोण उडवणार आहे? तुला सवड असेल तर तूच उडव, लोक म्हणाले. गव्यानं डोकं खाजवलं. उगाच पंचनाम्याच्या भानगडीत कशाला पडा, असं म्हणून त्यानं ट्रक कडेला लावला आणि दोन प्लेट भजी खाल्ली. दुसरं कुणी उडवतंय का ते बघत तो तासभर थांबला.

लांडगे आले, तेही थांबले. अस्वल आलं, थांबलं. ज्यानं त्यानं वळणावर यायचं, हळू व्हायचं, आणि आता होईल, मग होईल, म्हणून मान उंच करून बघत बसायचं. असे पंधरा दिवस गेले. त्या वळणावर मुंगीलाही धक्का लागला नाही.

गुणाजी गरम जेवणानं गुटगुटीत झाला. केस चमकायला लागले. लोक मात्र कुरकुरायला लागले.

ठकूबाई रोज तिथं यायची. गर्दीत ती एकटीच अशी होती, की जी गुणाजीकडे बघत नव्हती. ती चाकांकडे बघायची. चाकं हळू येताना पाहून तिच्या जिवाला थंडावा मिळायचा. आणि लाजही वाटायची. कारण, खोटं कशाला बोलू, सभेत गुणाजी उठला तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं. एका दुपारी गर्दी जेवायला पांगली, तशी ती त्याच्याजवळ गेली.

“गुणाजीभाऊ, मरू नका,” ती म्हणाली. “नुसते उभे राहा. माझी पोरं पाण्यावर जाईपर्यंत उभे राहा, बास.”

“मी कुठं मरतोय, ठकूबाई,” गुणाजी म्हणाला. “आज रात्री खिचडी आहे.”

पण किती दिवस उभं राहायचं, ते त्याच्या हातात नव्हतं. अमावास्या आली आणि गेली. दहावा झाला नाही. जुने नऊ पुसले गेले. वस्ती गुणाजीवर अशी चिडली की विचारू नका. एकवीस दिवस फुकट गिळलं, शाल घेतली, नारळ घेतला, आणि ऐन वेळी माघार घेतली, असं जो तो बोलायला लागला. त्याची शाल काढून घेतली. नारळ त्यानं आधीच खाल्ला होता. तो मात्र सवयीनं वळणावर उभाच राहिला, आणि बघे भज्यांसाठी येतच राहिले.

आणि दुसऱ्याच दिवशी खात्याचं पत्र आलं. खात्यानं आपली आकडेवारी तपासली होती. सबंध जंगलात सलग एकवीस दिवस ज्या वळणावर एकही अपघात झाला नाही, असं एकच वळण सापडलं, ते करवंदवाडीचं. त्याला सुरक्षित वळण म्हणून पारितोषिक जाहीर झालं होतं.

कार्यक्रम त्याच दिवशी, भर दुपारी होता, म्हणून घुबडसाहेब काळा चष्मा लावून आले. भाषण मुंगसानं लिहून आणलं होतं, ते साहेबांनी डुलक्या घेत वाचलं. वळणावर मोठी पाटी लावली, ‘सुरक्षित वळण’. मग साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ही गर्दी कसली, त्यांनी विचारलं. ही भज्यांची गाडी? हे म्हातारं जनावर रस्त्यात का उभं आहे? एवढ्या सुरक्षित वळणावर हे अतिक्रमण शोभत नाही. सगळं हटवा.

ठकूबाई गर्दीतून वाट काढत साहेबांच्या खुर्चीपर्यंत पोचली. तिनं पायांवर डोकं ठेवलं. आणखी तीनच दिवस गर्दी राहू द्या, ती म्हणाली. साहेबांनी मुंगसाकडे पाहिलं. मुंगसानं त्यांना कानात समजावलं. साहेबांनी मान हलवली, की डुलकी लागली, ते कळलं नाही. गर्दी मात्र हटली.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या पूर्वीपेक्षा जोरात यायला लागल्या. आधी या वळणावर येताना निदान थोडीतरी धाकधूक असायची. आता पाटीच होती. लांडगे पाटी दिसली की हात सोडून गाडी चालवायचे.

अमावास्येनंतरचा चौथा दिवस उजाडला. ऊन बांधावर आलं आणि वाळू हलली. एक डोकं बाहेर आलं, मग दुसरं, मग एकदम चारपाच. सुपारीएवढी अकरा पिल्लं वाळूतून वर आली. त्यांनी डोळे उघडले, हवेत नाक फिरवलं, आणि कुणाला काही न विचारता पाण्याच्या दिशेनं निघाली.

ठकूबाई आडवी पडली. दोघांना अडवलं, तर नऊ बाजूनं गेली. त्या नवांच्या मागं वळली, तर ती दोघंही निसटली. तिनं हाका मारल्या. पण पिल्लांना अजून आईचा आवाज ठाऊक नव्हता, पाण्याचा वास ठाऊक होता.

सरपंचाकडे जावं, तर तो सभा बोलावणार. गुणाजीकडे जावं, तर त्याला डोंगराच्या पलीकडे हाकललेलं, आणि आता त्याच्या अंगावर शाल नाही. शाल नसलेल्या म्हाताऱ्यासाठी कोण थांबतंय? तेवढ्यात वर उतारावर गव्याचा ट्रक वाजला.

रस्त्याच्या मधोमध, वळणाच्या जरा वर, एक खड्डा होता. खात्यानं कधी बुजवला नव्हता. ठकूबाई उताराच्या बाजूनं घसरतच खाली आली. बाळांनो, जन्मात कुठलं कासव इतक्या जोरात गेलं नसेल. ती त्या खड्ड्यात शिरली. घट्ट बसली. धोंडाप्पाची पाठ फुटली नव्हती, हे तिला आठवत होतं. तो उताणा झाला म्हणून गेला. तिनं चारी पायांच्या नख्या खड्ड्याच्या कडांत रोवल्या, डोकं आत घेतलं, आणि वर राहिली नुसती पाठ.

ट्रक आला. पुढचं चाक पाठीवर चढलं आणि उतरलं. गव्याचं डोकं टपावर आपटलं. मागचं चाक चढलं आणि उतरलं. पाठीमागून लांडगे आले, त्यांची मोटारसायकल हातभर उडाली आणि तिघं तीन दिशांना पडले. त्यामागचं अस्वल थांबलं. कासवाच्या पाठीवरून ट्रक गेला तर कासव जगतं का, हे शास्त्राच्या तासाला विचारा. माझ्या गोष्टीत जगलं. माझी गोष्ट आहे.

सगळे खाली उतरले आणि काय आपटलं ते बघायला जमले. गाड्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात चाकांच्या पुढून, मागून, लांडग्यांच्या पायांमधून सुपारीएवढी पिल्लं चालत गेली. ठकूबाई पाठीच्या फटीतून मोजत होती. सात, आठ, नऊ, दहा. अकरावं जरा रेंगाळलं, वळलं, आणि मग तेही गेलं. तळ्यात डुबूक डुबूक आवाज आले. आत, अंधारात, ठकूबाई रडली.

मग तिनं डोकं बाहेर काढलं. आता तिला तळ्यावर जायचं होतं. पण खड्ड्याच्या कडेला एक सशीण उभी होती, आपली पाच पिल्लं घेऊन. बाई, जरा बसा ना, ती म्हणाली, एवढी माझी शाळेत जाऊ द्या. ठकूबाई बसली. मग भेकरांची रांग आली. मग दुपारी शाळा सुटली. संध्याकाळी सरपंच स्वतः आला आणि आजच्या दिवस बसा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि आजच्या दिवस म्हणाला. असे आठ दिवस गेले. नाही म्हणायचं कसं? समोर कुणाचीतरी पोरं उभीच असायची.

नवव्या दिवशी मुंगूस आला. हातात नोटीस. त्यानं ती मोठ्यानं वाचली. आपण परवानगी न घेता सार्वजनिक रस्त्यावर गतिरोधक झाला आहात, सात दिवसांत स्वतःला काढून घ्यावे.

“काढून घेते,” ठकूबाई म्हणाली. “मी गेले, तर इथं खरा गतिरोधक कधी होईल?”

“दहा मेले की.”

“आतापर्यंत किती धरलेत?”

मुंगसानं वही उघडली. पान कोरं होतं. त्यानं ते तिला दाखवलं नाही, पण तिला कळलं.

“मग मी बसते,” ठकूबाई म्हणाली.

मुंगसानं वही मिटली. म्हणालो ना, तो मनानं वाईट नव्हता. त्यानं नोटीस परत नेली आणि टिपण लिहिलं. साहेबांनी झोपेतच सही केली. महिनाभरानं खात्याची माणसं रंगाचे डबे घेऊन आली. त्यांनी ठकूबाईच्या पाठीवर पांढरे-पिवळे पट्टे ओढले. अलीकडे पाटी लावली, ‘पुढे गतिरोधक आहे’. फीत कापली. ठकूबाईच्या पाठीवर एक कोनशिला बसवली, तिच्यावर घुबडसाहेबांचं नाव. सरपंचानं हार घातला तो डोकं आत असल्यामुळं खाली पडला. करवंदवाडीच्या या सुनेचा जंगलाला अभिमान आहे, असं तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तिथं कुणी मेलं नाही.

पाऊसकाळ गेला. अकरा पोरं ताटलीएवढी झाली. आपली आई कोण, ते त्यांना तळ्यातल्या बगळ्यानं सांगितलं. ती चरापर्यंत वर आली आणि कडेला ओळीनं बसली. त्याच दिवशी मुंगूस रंग तपासायला आला होता. थोरल्या लेकीनं त्याला विचारलं, आईला कधी मोकळी करणार?

मुंगसानं नियम पाहिला. गतिरोधकाचं आयुष्य संपलं की नवीन करायचा, असा नियम होता. कासवाचं आयुष्य किती, त्यानं विचारलं. तीनशे वर्षं, असं म्हणतात, कुणीतरी सांगितलं. मुंगसानं तेवढं लिहून घेतलं. करवंदवाडीच्या वळणावर पुढची तीनशे वर्षं कुठलंही काम करायची गरज नाही, असा शेरा मारून खात्यानं फाईल बंद केली.

मुंगूस निघून गेला. पोरं तिथंच बसून राहिली.

“आई, तू घरी कधी येणार?” थोरलीनं विचारलं.

ठकूबाईनं तोंड उघडलं. पण उतारावर ट्रक वाजला, म्हणून तिनं डोकं आत घेतलं.

तात्पर्य, ज्याला लागतं त्याच्यासाठी: मुलांनो, रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहावं, मग डावीकडे पाहावं, आणि मधोमध कुणाची आई बसली आहे का, ते नीट पाहून घ्यावं. बसली असेल तर बिनघोर जावं. तिला उठवायला मात्र जाऊ नये, कारण दुसरी मंजूर व्हायला दहा लागतात.